आज्ञावलींची जुळणी : हातापासून यंत्रापर्यंत

आषाढ लागला की आपल्या जिल्ह्यात पऱ्हे तयार असतात, बांध्यांत चिखल करावयाचा असतो, आणि येत्या चार दिवसांत पाऊस येणार की नाही या एका प्रश्नापाशी सारी रोवणी अडून राहते. या प्रश्नाचे उत्तर आज पुण्यातील एका संगणकावर काढले जाते. ते उत्तर नुसते बरोबर असून भागत नाही; वेळेत यावे लागते. सोमवारचा पाऊस मंगळवारी अचूक सांगणाऱ्या गणिताला विद्वानांच्या सभेत मान मिळेल, पण बांधीत उभ्या असलेल्या माणसाला त्याचा काडीचा उपयोग नाही.

गणित वेळेत पुरे व्हावे म्हणून माणसाने काय काय केले, आणि शेवटी तेही काम त्याने यंत्रावरच कसे सोपविले, याचा इतिहास सांगावा असे आम्ही या वर्षी योजिले. विषय कळताच एका स्नेह्यांनी आम्हांस विचारले, "भंडाऱ्याला याचे काय? आपल्याकडे धान आहे, पितळ आहे, कोसा आहे. असले प्रचंड संगणक आहेत कोठे?" नाहीत, हे खरे. पण वैनगंगाही आपल्या जिल्ह्यात उगम पावत नाही. येते मात्र आपल्याच दारावरून.

प्रथम शब्दांविषयी. संगणकाला द्यावयाच्या सूचनांच्या मालिकेस आम्ही आज्ञावली म्हणू. एकच गणित अनेक रीतींनी मांडता येते. उत्तर तेच, लागणारा वेळ निराळा. ज्या यंत्रावर ते चालावयाचे त्याच्या अंगाला बसेल अशी मांडणी करणे, याला इंग्रजीत ट्यूनिंग म्हणतात. गवई तंबोरा जुळवितो तसाच हा प्रकार, म्हणून आम्ही जुळणी हा शब्द घेतो. हवा बदलली की तंबोऱ्याच्या खुंट्या पुन्हा पिळाव्या लागतात. तद्वत् यंत्र बदलले की आज्ञावलीची जुळणी पुन्हा करावी लागते. ही जुळणी माणसाऐवजी दुसरी एक आज्ञावलीच करू लागली, म्हणजे ती स्वयंजुळणी.

या विचाराचे मूळ प्रत्यक्ष यंत्राहूनही जुने आहे. चार्ल्स बॅबेज याचे विश्लेषक यंत्र कधी पुरे झाले नाही. तरी १८४३ साली एडा लव्हलेस हिने त्या यंत्रावर ज्या टिपा लिहिल्या त्यांत ही गोष्ट स्पष्ट सांगितली आहे. एकाच गणनेच्या क्रियांचे क्रम पुष्कळ प्रकारे लावता येतात आणि त्यांतून कमीत कमी वेळाचा क्रम निवडणे हे महत्त्वाचे काम आहे, असे तिने म्हटले. यंत्र नाही, आज्ञावली चालविण्याची सोय नाही, आणि ही बाई वेळ वाचविण्याची चिंता करीत आहे! अशा माणसांविषयी आम्हांस नेहमीच आदर वाटत आला आहे.

वेळेची ही चिंता खरी किती मोठी, हे हवामानाच्या गणिताने दाखविले. इंग्लंडातील लुई रिचर्डसन याने पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिकेवर काम करीत असता केवळ ६ तासांतील हवेच्या बदलाचे गणित हाताने केले. त्याला सुमारे ६ आठवडे लागले, आणि उत्तर साफ चुकले. हवेचा दाब ६ तासांत १४५ मिलिबारने वाढेल असे निघाले, जे पृथ्वीवर कधी घडत नाही. तरी खचून न जाता त्याने १९२२ साली पुस्तक काढले आणि त्यात ६४ हजार माणसे एका प्रचंड सभागृहात बसून पावसाच्या पुढे गणित पळवीत आहेत, अशी कल्पना रंगविली. पुढे १९५० साली अमेरिकेत चार्नी, फॉन नॉयमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी एनिॲक यंत्रावर २४ तासांचा अंदाज काढला; त्याला लागले सुमारे २४ तास. गणित आणि हवा यांची शर्यत तेथे बरोबरीत सुटली.

आपल्याकडची पहिली पाने मुंबईत लिहिली गेली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखाली तरुणांच्या एका तुकडीने आधी एक लहान नमुना-यंत्र बांधले आणि मग पूर्ण यंत्र उभारले. ते १९६० च्या फेब्रुवारीत सुरू झाले. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे टिफ्रॅक असे नामकरण केले. २७०० निर्वात नळ्या, १७०० डायोड आणि १२,५०० रोधक असा त्याचा पसारा होता. मराठीत त्या काळी अशा यंत्रास गणकयंत्र म्हणत. या यंत्राची स्मृती २०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० द्विमान अंकांचा. म्हणजे सारी मिळून ८१,९२० अंक. आज खिशातल्या फोनने काढलेले एक साधे छायाचित्रही इतक्यात मावणार नाही. या २०४८ शब्दांतच आज्ञाही बसवावयाच्या, आकडेही बसवावयाचे आणि मधली उत्तरेही ठेवावयाची. अशा ठिकाणी जुळणी हा वेगळा विषय नसतोच. संसार एका खोलीत असला की गृहिणीला काटकसरीचे धडे द्यावे लागत नाहीत.

याच सुमारास अमेरिकेत एक निराळी चळवळ चालू होती. आय.बी.एम. कंपनीत जॉन बॅकस व त्याच्या मंडळींनी १९५४ ते १९५७ या काळात फोरट्रान भाषा आणि तिचा कंपायलर सिद्ध केला. माणसाने बीजगणितासारखी सूत्रे लिहावीत, आणि त्यांचा यंत्राच्या भाषेतील अनुवाद यंत्रानेच करावा, अशी ही योजना. हाताने लिहिणारे कसबी लोक तिला हसत. यंत्राने केलेला अनुवाद आपल्या हातच्या आज्ञांइतका चपळ कसा असेल, असा त्यांचा प्रश्न होता, आणि तो वावगा नव्हता. त्या काळी यंत्राचा एक तास माणसाच्या तासाहून कितीतरी महाग होता. म्हणून बॅकसने सारा जोर अनुवादाच्या वेगावर दिला. अनुवाद चपळ निघाला नाही तर भाषेकडे कोणी ढुंकूनही पाहणार नाही, हे तो ओळखून होता. स्वयंजुळणीचा पहिला मोठा विजय आम्ही हाच मानतो, जरी तेव्हा तिला ते नाव नव्हते. पुढे १९७१ साली डोनाल्ड क्नूथ याने लोकांनी लिहिलेल्या फोरट्रान आज्ञावली जमवून तपासल्या, तेव्हा असे दिसले की आज्ञावलीचा चार टक्क्यांहूनही कमी भाग अर्ध्याहून अधिक वेळ खातो. म्हणजे सगळी वाडी शिंपावयाची नाही. पाणी कोणत्या झाडाला लागते ते आधी शोधावयाचे.

आता थोडे यंत्राच्या पोटात शिरले पाहिजे, नाही तर पुढचा इतिहास कळणार नाही. यंत्राचे दोन मुख्य अवयव, आकडेमोड करणारा भाग आणि आकडे साठविणारी स्मृती. पहिला भाग वर्षानुवर्षे झपाट्याने वेगवान होत गेला. दुसरा मोठा होत गेला, पण तितका चपळ झाला नाही. मग मॉरिस विल्क्स याने १९६५ साली सुचविलेली एक तोड निघाली. मोठ्या स्मृतीजवळ एक छोटी, चपळ स्मृती ठेवावी. १९६८ मध्ये आय.बी.एम.च्या ३६० मालिकेतील ८५ क्रमांकाच्या यंत्रात ती विक्रीस आली. तिला कॅश म्हणतात. पैशाशी तिचा संबंध नाही. घरात खंडीभर धान कोठीत असते, पण चुलीपाशी डब्यात पायलीभर तांदूळ असतोच. स्वयंपाक डब्यातून चालला तर काम भराभर होते. मूठमूठ तांदळासाठी कोठीपर्यंत हेलपाटे घातले तर पाहुणे उपाशी उठतात. आजच्या यंत्रात असे दोन-तीन डबे एकापेक्षा एक मोठे असतात. आज्ञावलीची जुळणी म्हणजे मुख्यतः या डब्यांचा हिशेब.

हा हिशेब किती फसवा असतो, याचा एक प्रसंग आमच्याच फजितीचा आहे. आम्ही विद्यार्थी असताना आकड्यांच्या दोन चौरस सारण्यांचा गुणाकार करणारी आज्ञावली लिहिली. १००० ओळी व १००० स्तंभ घेतले, काम ठीक झाले. मग १०२४ घेतले, कारण हा दोनाचा घात आहे आणि यंत्राला दोनाचे घात आवडतात असे कोणीतरी आम्हांस सांगितले होते. काम साडेसात टक्क्यांनीसुद्धा वाढलेले नव्हते, आणि वेळ मात्र अनेक पटींनी वाढला. आम्ही आधी विजेच्या दाबाला दोष दिला, मग यंत्राला, मग प्रयोगशाळेच्या देखभालीला. शेवटी एका वडीलधाऱ्या प्राध्यापकांनी पाहिले आणि एवढेच म्हणाले, "ओळीची लांबी १०२५ करून पाहा." केली. आज्ञावली पुन्हा धावू लागली. काम वाढविले आणि वेळ कमी झाला!

कारण असे की छोट्या स्मृतीत कोणता आकडा कोणत्या खणात बसावयाचा, हे त्याच्या पत्त्यावरून ठरते. ओळीची लांबी दोनाचा घात असली की एका स्तंभातील सगळे आकडे त्याच चार-दोन खणांवर येऊन आदळतात. जत्रेत धर्मशाळेच्या व्यवस्थापकाने नावाच्या पहिल्या अक्षरावरून खोल्या द्याव्यात, आणि आलेल्या शंभरही यात्रेकरूंची नावे 'र' वरून सुरू व्हावीत, तसे. बाकीच्या खोल्या ओस, एका खोलीत रणकंदन. हे गणिताच्या कोणत्याही पुस्तकात नव्हते. ते यंत्राच्या स्वभावात होते, आणि प्रत्येक यंत्राचा स्वभाव निराळा.

येथेच खरी अडचण होती. शास्त्रीय गणितांत सारण्यांचे गुणाकार पावलोपावली लागतात, म्हणून अशा मूळ क्रियांचा एक सर्वमान्य संच १९७९ मध्ये ठरला. त्याला ब्लास म्हणतात. १९८८ व १९९० मध्ये त्यात भर पडली. शास्त्रज्ञाने फक्त क्रियेचे नाव घ्यावे, आणि ती क्रिया त्या त्या यंत्रावर चपळ करून देणे हे यंत्र बनविणाऱ्याचे काम, अशी वाटणी झाली. पण ते काम हाताने करावयाचे, आणि ते करू शकणारी माणसे थोडी. नवे यंत्र बाजारात येई, त्याला बसणारी जुळणी तयार होईपर्यंत बरेच महिने जात, आणि तोवर पुढचे यंत्र दारात उभे राही.

ही कोंडी १९९७ च्या सुमारास फुटली. कॅलिफोर्नियातील बर्कली येथे बिल्म्स, ॲसानोविच, चिन व डेमेल यांनी फायपॅक नावाची योजना मांडली, आणि टेनेसी विद्यापीठात क्लिंट व्हेली व जॅक डोंगारा यांनी ॲटलास सिद्ध केले. कल्पना ऐकावयास इतकी साधी की ती आधी कोणास कशी सुचली नाही याचे नवल वाटावे. चपळ आज्ञावली लिहू नका. अनेक आज्ञावली लिहिणारी एक आज्ञावली लिहा. तिने निरनिराळ्या मांडणीच्या शेकडो-हजारो आज्ञावली काढाव्यात, प्रत्येक त्या यंत्रावर चालवून घड्याळ लावावे, आणि सर्वांत लवकर संपणारी ठेवून बाकीच्या फेकून द्याव्यात. यंत्राचा स्वभाव पुस्तकात शोधीत बसण्यापेक्षा यंत्रालाच विचारावे.

मात्र विचारणेही स्वस्त नसते. गुणाकारातील तीन फेऱ्यांचे क्रम ६ प्रकारे लावता येतात. सारणीचे किती मोठे तुकडे पाडावेत याचे तिन्ही दिशांना दहा-दहा पर्याय धरले तर १००० जोडण्या होतात. प्रत्येक फेरी किती उलगडून लिहावी याचे चार-चार पर्याय धरले तर आणखी ६४. गुणून पाहा : ३ लाख ८४ हजार. प्रत्येकीस एकच सेकंद दिला तरी जवळजवळ साडेचार दिवस लागतात, आणि आम्ही घेतलेले पर्याय फार कंजूषपणाने घेतले आहेत. म्हणून सगळे न तपासता कोणते तपासावेत, हीच या शास्त्राची मुख्य विद्या झाली. ॲटलास यंत्रावर बसविताना काही तास नुसते मोजीत बसे. पण एकदा बसले की त्या यंत्रावरच्या हरएक शास्त्रज्ञाचे गणित वेगाने चाले.

त्याच काळात मॅसॅच्युसेट्स येथे मॅतेओ फ्रीगो आणि स्टीव्हन जॉन्सन यांनी फूरिये परिवर्तनासाठी अशीच सोय केली. मिश्र लहरीतून तिचे घटक-सूर वेगळे काढणारे हे गणित ध्वनी, चित्र, दूरसंचार, भूकंपमापन, सगळीकडे लागते. त्यांच्या आज्ञावलीचे नाव एफ.एफ.टी.डब्ल्यू. ती आधी थोडा वेळ घेऊन आपल्यासाठी एक आराखडा ठरविते. आराखडा शोधण्यास किती वेळ द्यावयाचा हे आपण सांगू शकतो. एकदा मिळालेले निष्कर्ष साठवून पुढच्या वेळी वापरता येतात, आणि या साठ्याला त्यांनी शहाणपण या अर्थाचा शब्द योजिला आहे. नाव मिस्किलपणे दिले असले तरी नेमके आहे. अनुभवाची मोजणी करून ठेवलेली वही, याहून शहाणपण दुसरे काय असते!

मग हातच्या कसबाचे दिवस संपले काय? येथे इतिहासाने एक गमतीचे वळण घेतले. जपानच्या पेटंट कार्यालयात नोकरी करणारे काझुशिगे गोतो हे गृहस्थ २००२ मध्ये रजा घेऊन टेक्सास विद्यापीठात आले आणि तेथे त्यांनी सारण्यांच्या गुणाकाराच्या आज्ञा यंत्रभाषेत स्वतः हाताने लिहिल्या. हजारो पर्याय तपासणाऱ्या यंत्राहून त्यांची आज्ञावली वेगवान निघाली. सगळे लोक छोट्या स्मृतीच्या डब्यांकडे पाहत होते. गोतोंनी पाहिले की पत्ता शोधण्याची जी वेगळी छोटी वही यंत्राजवळ असते, तीच भरून गेली तर सारे काम अडते. यंत्र फक्त आपण सांगितलेल्या पर्यायांतून निवडते. हा पर्याय त्याला कोणी सांगितलाच नव्हता. दुसऱ्या बाजूने केशव पिंगली व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखविले की यंत्राच्या स्वभावाचे चांगले गणिती वर्णन हाताशी असेल तर शोधाशोध न करताही जवळपास तितकाच वेग मिळतो. आमचे मत विचाराल तर आम्ही या वादात गोतोंच्या बाजूचे आहोत, कारण त्यांनी वेगच नव्हे, कारणही शोधून दिले. पण दर दोन वर्षांनी नवा गोतो कोठून आणावयाचा, या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नाही.

आता पुण्याकडे वळू. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेने भारताला सर्वांत शक्तिमान महासंगणक देण्यास नकार दिला, तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. तिचे प्रमुख विजय भटकर हे आपल्या विदर्भाचेच. अकोला जिल्ह्यातील मुरंबा हे त्यांचे गाव, आणि अभियांत्रिकीची पदवी नागपूरची. १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. एकच बलदंड यंत्र बांधण्याऐवजी ट्रान्सप्यूटर नावाचे अनेक लहान गणक एकमेकांस जोडून हे काम साधले होते. या मार्गाने देशाचा अभिमान राहिला, पण आज्ञावली लिहिणाऱ्यांचे काम वाढले. शंभर माणसांनी मिळून एक गणित करावयाचे तर कोणी काय करावयाचे, कोणाचे उत्तर कोणाकडे जावयाचे, हे सारे आधी ठरवावे लागते. परस् नावाची साधनमाला सी-डॅकने त्यासाठीच तयार केली. यंत्र जोडणे एक, आणि त्याच्याकडून काम करून घेणे दुसरे, हा धडा तेथे पुरता मिळाला.

पुढे २००७ च्या नोव्हेंबरात पुण्यातीलच टाटांच्या कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजचा 'एक' हा महासंगणक जगाच्या यादीत चौथा आला. सेकंदाला ११७.९ लाख कोटी क्रिया, असा त्याचा मोजलेला वेग होता. वर्तमानपत्रांनी आनंद केला, आम्हीही केला. मात्र या यादीविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती लिनपॅक नावाच्या एकाच परीक्षेवर लागते, आणि त्या परीक्षेचे हृदय म्हणजे तोच सारण्यांचा गुणाकार. परीक्षेस बसण्यापूर्वी गणिताचा आकार, तुकड्यांचा आकार, गणकांची मांडणी हे आकडे पुन्हा पुन्हा बदलून पाहतात. म्हणजे ज्या गणितासाठी जुळणी सर्वांत उत्तम झाली आहे, त्याच गणितावर गुण दिले जातात. हवेचे, पाण्याचे, औषधांचे गणित त्याच यंत्रावर या वेगाच्या लहानशा अंशाने चालते. पहिलवानाचे वजन जोखून कुस्तीचा निकाल सांगण्यासारखे हे आहे.

या खऱ्या गणितांसाठी ज्यांनी आयुष्य वेचले त्यांत एक नाव आपले आहे, आणि ते मराठी वाचकांस फारसे ठाऊक नाही, याचे आम्हांस वाईट वाटते. इलिनॉय विद्यापीठातील प्राध्यापक लक्ष्मीकांत काळे. त्यांची चार्म++ ही प्रणाली १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून वाढत गेली. तिच्यामागची दृष्टी आपल्याला रोवणीवरून चटकन कळेल. शंभर बायका आणि शंभर मोठ्या बांध्या असतील, आणि प्रत्येकीस एक बांधी नेमून दिली, तर जिच्या वाट्याला भारी चिखलाची बांधी आली तिच्यासाठी बाकीच्या नव्व्याण्णव धुऱ्यावर बसून राहतील. त्यापेक्षा शेताचे हजार लहान तुकडे पाडावेत, आणि कोण मागे पडले हे पाहून मधूनमधून तुकडे इकडचे तिकडे द्यावेत. काळे यांच्या पद्धतीत गणकांच्या संख्येहून कितीतरी अधिक तुकडे मुद्दाम पाडले जातात. कोणत्या तुकड्याला किती वेळ लागतो हे प्रणाली चालत्या कामात मोजते आणि भार आपोआप हलविते. मघाशी जे घडले तेच थोड्या वेळापुरते पुढेही घडेल, या साध्या विश्वासावर ती चालते. आणि शास्त्रीय गणितांत हा विश्वास बहुधा खरा ठरतो.

ॲटलास यंत्रावर बसविताना एकदाच जुळणी करते. काळे यांची जुळणी गाणे चालू असता तारा सावरणाऱ्यासारखी. याच पायावर क्लाउस शुल्टेन यांच्याबरोबर एन.ए.एम.डी. ही आज्ञावली उभी राहिली. प्रथिनांचे लक्षावधी अणू क्षणाक्षणाला कसे हलतात, याचे गणित ती करते. तिला २००२ मध्ये गॉर्डन बेल पारितोषिक मिळाले, आणि २०१२ मध्ये काळे व शुल्टेन यांना फर्नबाख पारितोषिक. २०२० साली करोना विषाणूच्या काट्याची हालचाल संगणकावर पाहिली गेली, तीही या आज्ञावलीच्या आधाराने. ज्या महिन्यांत आपण सारे दारे लावून घरात बसलो होतो, त्या महिन्यांत या गणिताचा वेग हा केवळ विद्वानांच्या स्पर्धेचा विषय उरला नव्हता.

अलीकडच्या घडामोडी आम्ही थोडक्यात आटोपतो, कारण त्यांचा इतिहास अजून निवळलेला नाही. आकडेपेढ्यांची जुळणी यंत्राने करावी असा प्रयत्न सुरजित चौधुरी व विवेक नरसय्या यांनी १९९६ पासून केला आणि तो १९९८ मध्ये बाजारात आला. २०१८ नंतर टी.व्ही.एम. सारख्या साधनांनी पर्यायांचा शोध कोठे घ्यावा हेही मागच्या मोजण्यांवरून शिकण्यास आरंभ केला. २०२५ मध्ये गूगलच्या अल्फाइव्होल्व्हने तर स्वतःच्याच जातीच्या एका भाषा-यंत्राच्या शिक्षणातील एक मुख्य क्रिया २३ टक्क्यांनी चपळ केली. त्यामुळे त्या शिक्षणाचा एकूण वेळ एक टक्क्याने घटला. एक टक्का ऐकून हसू नये. या कामांना लागणारी वीज पाहिली तर तो टक्काही लहान नसतो.

परत रोवणीकडे येऊ. २०१८ च्या जानेवारीत पुण्याच्या उष्णप्रदेशीय हवामान संस्थेत प्रत्यूष हा महासंगणक सुरू झाला; त्या काळात जगाच्या हवेचा अंदाज सुमारे १२ किलोमीटरच्या जाळ्यावर निघत असे. २०२४ मध्ये अर्क आला. २६ मे २०२५ रोजी याच संस्थेने घडविलेली भारत अंदाज प्रणाली ६ किलोमीटरच्या जाळ्यावर रुजू झाली. आपला जिल्हा सुमारे ४ हजार चौरस किलोमीटरचा. १२ किलोमीटरच्या जाळ्यात त्यावर २५ ते ३० चौकोन पडतात. ६ किलोमीटरच्या जाळ्यात शंभराच्या वर. तुमसरला पाऊस आणि पवनीला ऊन, हा नेहमीचा प्रकार गणिताला दिसावयाचा तर असे बारीक जाळे हवेच.

पण बारीकपणाची किंमत पाहा. जाळ्याचे अंतर निम्मे केले की चौकोन चौपट होतात, आणि वेळेची पावलेही निम्मी टाकावी लागतात. म्हणजे काम सुमारे आठ पट. प्रत्यूषची शक्ती ४ पेटाफ्लॉप, अर्कची ११.७७, म्हणजे जेमतेम तिप्पट. तरी पूर्वी ज्या गणिताला १० तासांपर्यंत लागत ते आता ४ तासांत होते, असे सांगितले गेले. हा हिशेब ढोबळ आहे, पण नुसते मोठे यंत्र विकत आणून तो मिटत नाही, एवढे त्यातून दिसते. जाळ्याच्या आकारात केलेला बदल आणि आज्ञावलीची मांडणी यांनीच उरलेले अंतर भरून काढावे लागते.

आणि येथे जुळणी करणाऱ्याचे हात एका गोष्टीने बांधलेले असतात. संगणकातील बेरीज क्रम बदलला की शेवटच्या अंकात किंचित निराळी येते. सारण्यांच्या गुणाकारात त्याचे कोणास काही वाटत नाही. हवेच्या गणितात वाटते. १९६१ साली एडवर्ड लॉरेन्झ याने ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ एवढाच आकडा घालून गणित पुन्हा चालविले, आणि थोड्याच अवधीत त्याच्या यंत्रातील हवा साफ निराळी झाली. म्हणून स्वयंजुळणीने चपळ केलेली आज्ञावली हवामानवाले सहजासहजी स्वीकारीत नाहीत. ते तिला जुन्या पावसाळ्यांवर चालवितात, आणि तिचे उत्तर प्रत्यक्ष पडलेल्या पावसाशी ताडून पाहतात. २०२० च्या ऑगस्टच्या अखेरीस वरच्या मध्य प्रदेशात कोसळलेल्या पावसाने वैनगंगा चढली, गोसीखुर्दची दारे उघडावी लागली, आणि भंडारा शहराच्या वस्त्यांत पाणी शिरले. ज्या दिवशी पुण्यात एखादी नवी जुळणी तपासावयास घेतील, त्या दिवशी त्या परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत हे चार-पाच दिवसही घालावेत, एवढे आमचे मागणे आहे.